पाइप गॅसचे ग्रिल: बचत किती आणि सोय किती?

प्रश्न: आमच्या घराच्या परसात फरसबंद मोकळी जागा आहे. तिथे सात वर्षांपासून तीन बर्नरचे, सिलिंडरवर चालणारे ग्रिल वापरतो. त्यातले दोन बर्नर आता गंजून गेले आहेत. स्वयंपाकघरात पाइपने नैसर्गिक वायू येतोच, तेव्हा ती जोडणी परसापर्यंत वाढवून सहा बर्नरचे नवे ग्रिल घ्यावे, असा विचार आहे. विक्रेता २४ बिनव्याजी हप्ते देतो आहे आणि जोडणीचा खर्च आपत्कालीन निधीतून करता येईल. सिलिंडरचा खर्च वाचून काही वर्षांत पैसे वसूल होतील, हा आमचा हिशेब बरोबर आहे का? घरात आम्ही चौघे आहोत, ग्रिल आठवड्यातून एकदा पेटते. परसातली फरशी पुढच्या वर्षी बदलायची आहे. जुनेच ग्रिल पाइपला जोडले तर चालेल का?

उत्तर: आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा संबंध पैशांपेक्षा सुरक्षिततेशी आहे. सिलिंडरचे ग्रिल जसेच्या तसे पाइपला जोडू नये. एवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा सिलिंडरमधल्या प्रोपेन वायूमध्ये सुमारे अडीचपट ऊर्जा असते आणि तो बर्नरपर्यंत अधिक दाबाने पोहोचतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या ग्रिलमध्ये वायू सोडणाऱ्या तोट्यांची छिद्रे वेगवेगळ्या मापाची असतात. सिलिंडरचे ग्रिल पाइपला जोडले तर ज्योत मिणमिणती राहते, आणि पाइपचे ग्रिल सिलिंडरला जोडले तर ती धोकादायक रीतीने भडकते. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी बदलसंच दिला असेल, तरच हा बदल करावा आणि तोही परवानाधारक कारागिराकडून. तसा संच नसताना छिद्रे मोठी करून घेतल्यास हमी तर जातेच, पण उद्या काही विपरीत घडले तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

आता मूळ हिशेबाकडे वळू. आपण बचतीचा आकडा दिलेला नाही आणि दर जागोजागी बदलतात, म्हणून हिशेब सिलिंडरांतच मांडू. तीन बर्नरच्या ग्रिलवर साधारणपणे ताशी ३०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) असा आकडा छापलेला असतो. सर्व बर्नर पूर्ण उघडून कोणी तासभर भाजत नाही. ग्रिल तापवताना आच मोठी असते, नंतर ती उतरवली जाते. सरासरी दोन-तृतीयांश धरली, तर तासाला २०,००० बीटीयू, म्हणजे सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक किलो प्रोपेनपासून सुमारे ५० मेगाज्यूल मिळतात, म्हणजे एका वेळेला ०.४२ किलो वायू जळतो. वर्षातून ५० वेळा, प्रत्येकी एक तास, असे धरले तर वर्षाचा वापर २१ किलो होतो. नऊ किलोच्या सिलिंडरच्या भाषेत सांगायचे, तर वर्षाला जेमतेम सव्वादोन-अडीच सिलिंडर.

आपला सगळा इंधनखर्च एवढाच आहे. पाइपमधला वायू पूर्ण फुकट मिळाला, तरी वर्षाला अडीच सिलिंडरच्या किमतीपेक्षा जास्त बचत होणे शक्य नाही; आणि तो फुकट मिळत नाही, तेवढ्याच उष्णतेसाठी वर्षाला सुमारे २८ घनमीटरचे बिल येईलच. समजा, जोडणीचा खर्च १४ सिलिंडरच्या किमतीइतका निघाला. मग फुकट वायूच्या काल्पनिक हिशेबानेही तो वसूल व्हायला सहा वर्षे लागतील, आणि पाइपचा वायू उष्णतेच्या मापाने निम्म्या दरात पडत असेल, तर बारा. आपल्या आताच्या ग्रिलचे बर्नर सातव्या वर्षी गेले, हे इथे लक्षात घ्यावे. नव्या ग्रिलची किंमत तर मी या हिशेबात अजून धरलेलीच नाही.

तेव्हा ‘पैसे वसूल होतील’ हा आधार बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाइपच्या ग्रिलची खरी किंमत सोयीत आहे: भाजणे अर्ध्यावर असताना सिलिंडर संपत नाही, तो उचलून आणावा लागत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधला दाब जसा उतरतो तसा पाइपमध्ये उतरत नाही. ही सोय विकत घेण्यात काहीच गैर नाही. फक्त तिला सोय म्हणावे आणि तिचा खर्च हौसेच्या रकमेतून करावा. आपत्कालीन निधीला मात्र त्यासाठी हात लावू नये. आजारपण किंवा नोकरीतला खंड यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे परसातल्या पाइपात गेले, की ते परत काढता येत नाहीत.

जोडणीचा खर्च कशावर ठरतो, हे कळले तर पुढचा निर्णय सोपा होईल. मीटरपासूनचे अंतर, पाइपचा व्यास आणि फरशी फोडून पुन्हा बसवण्याचे काम, या तीन गोष्टी मुख्य. घरगुती वायूचा दाब बहुतेक ठिकाणी २० मिलिबारच्या आसपास, म्हणजे अगदी कमी असतो. त्यामुळे लांबवरच्या बारीक पाइपमध्ये तो आणखी घटतो आणि जाड पाइप घ्यावा लागतो. सहा बर्नरच्या ग्रिलला ताशी ६०,००० बीटीयू, म्हणजे सुमारे १.७ घनमीटर वायू लागू शकतो. पाणी तापवण्याचे यंत्र आणि शेगडी त्याच वेळी चालू असेल, तर मीटरची क्षमता पुरेल का, हे कारागिराने आधी तपासायला हवे. मीटर बदलावा लागला तर तो खर्च वेगळा.

सहा बर्नरांबद्दलही थोडे बोलतो. चौघांच्या घरात वर्षातले बहुतेक दिवस त्यातले तीन थंडच राहतील. बीटीयूचा मोठा आकडा हे उष्णतेच्या दर्जाचे प्रमाणपत्र नसून इंधन किती जळते याचे माप आहे; तो जाळीच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावा आणि झाकण नीट बसते का, तेही पाहावे. (माझ्या स्वतःच्या ग्रिलला बाजूची एक छोटी शेगडी आहे. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले आणि गेली कित्येक वर्षे तिच्यावर आम्ही ताटे ठेवतो.) दुकानात जाताना खिशात एक लहान चुंबक ठेवावे. ३०४ दर्जाच्या पोलादात (स्टेनलेस स्टीलमध्ये) निकेल असते, त्यामुळे त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. ४३० दर्जाच्या पोलादाला घट्ट चिकटते आणि ते लवकर गंजते. चुंबक चकचकीत झाकणाला लावण्यापेक्षा आतल्या बर्नरच्या नळीला लावावे, कारण आधी नळीच जाते. हमीपत्रातही झाकणाच्या वर्षांपेक्षा बर्नरची वर्षे वाचावीत.

‘बिनव्याजी’ हप्त्यांबाबत विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: रोख दिले तर किंमत किती? त्याने ८ टक्के सवलत सांगितली, तर २४ समान हप्त्यांत तीच सवलत गमावणे म्हणजे वार्षिक सुमारे ८ टक्के व्याज भरणे होय. प्रक्रिया शुल्क असेल तर ते याहून वेगळे. सवलत खरोखर शून्य असेल आणि शुल्कही नसेल, तर हप्ते घ्यायला हरकत नाही.

आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य मला पुढच्या वर्षी फरशी बदलण्याचे वाटते. आज जोडणी केली, तर चांगली फरशी फोडून नंतर तीच पुन्हा उखडावी लागेल. फरशी निघालेली असताना पाइप टाकला, तर खोदकाम आणि दुरुस्ती हा खर्चाचा मोठा भाग आपोआप त्या कामात सामावला जाईल. तेव्हा या वर्षी नवे ग्रिल घेऊ नये. सांगाडा, झडपा आणि जाळी शाबूत असतील, तर त्याच मॉडेलचे दोन बर्नर बदलून घ्यावेत. नव्या ग्रिलच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. बर्नर बसवण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी कोळ्यांची जाळी नाहीत ना, ते पाहावे (वायूच्या वासाकडे कोळी ओढले जातात आणि त्या जाळ्यांमुळे ज्योत उलटी फिरू शकते), आणि जोडण्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, तेही तपासावे.

वर्षभर सिलिंडरला एक चिठ्ठी बांधून ठेवा आणि प्रत्येक वेळी ग्रिल पेटले की तिच्यावर एक रेघ ओढा. पन्नासच्या आसपास रेघा झाल्या आणि सिलिंडर उचलण्याचा कंटाळा खरोखरच असह्य वाटला, तर फरशीचे काम सुरू होण्यापूर्वी पाइपचे लेखी अंदाजपत्रक घेऊन तीन बर्नरचे पाइप गॅसचे ग्रिल घ्यावे. रेघा वीस-पंचवीसच निघाल्या आणि तरीही मन पाइपकडेच ओढत असेल, तर फरशीखाली फक्त पाइप टाकून, त्याचे तोंड झडप लावून नीट बंद करून घ्यावे. ग्रिलचे पुढे पाहता येईल. घर चार-पाच वर्षांत विकण्याचा विचार असेल, तर मात्र तेही करू नये, कारण पाइप घराबरोबर जाईल आणि नव्या घरी पाइपचा वायू नसेल तर ग्रिलचाही उपयोग उरणार नाही.