शिकारी पक्ष्याच्या पायातली घंटी : गुजरीतलं घुंगरू का चालत नाही

भावा, तुझा मावसभाऊ इंग्लंडात हॅरिस हॉक नावाचा शिकारी पक्षी उडवतो, त्याच्या पायात बांधायला कोल्हापुरातनं घंट्या पाठवायच्यात, गुजरीतली, म्हणजे आपल्या सराफ बाजारातली, घुंगरं चालतील का असं विचारलंयस. नाही चालणार. मी हुपरीत पैंजणाच्या कामातच मोठा झालो, आणि परदेशातल्या एका पाहुण्यासाठी या घंट्या स्वतः करून बघितल्यात म्हणून सांगतो. एक आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडं शिक्रा असो नाहीतर बहिरी ससाणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं घरात पाळता येत नाही, तेव्हा इथल्या कुणी मागितली तर देऊ नकोस.

पैंजणाचं घुंगरू जवळनं ऐकायचं असतंय. ही घंटी लांबनं ऐकायची. पक्षी सशावर पडला की त्याला घेऊन झुडपात पंख पसरून बसतो, अजिबात दिसत नाही, मग पाय हलला की जो आवाज होतो त्यावर त्याला हुडकायचं. आता जीपीएस ट्रान्समीटर लावतात, पण जवळ गेल्यावर झाडीत नेमका कुठं बसलाय ते घंटीच सांगते. बेंदराला बैलाला घालतो ती ओतीव घुंगरं वाजतात झकास पण वजन बघ की, पक्ष्याला उडायचं असतंय.

म्हणून पातळ पितळी पत्रा घ्यायचा. मी ०.३ मिमीचा घेतलेला. गोल चकत्या कापायच्या, खड्ड्यांच्या ठोकळ्यात ठोकून दोन वाट्या करायच्या, मधे एकदा तावून मऊ केलं तरी चालेल पण शेवटची ठोकणी थंडच पाहिजे, कारण ठोकून कडक झालेलं पितळच वाजतं. मी पहिल्यांदा इथंच फसलो. सवयीनं टाकणखार लावून चांदीची झाळ दिली, जोड असला देखणा आला, आणि हलवून बघतो तर डब्यात खडा वाजावा तसा आवाज. चांदीच्या झाळेला ६०० अंशाच्या वर उष्णता लागते, तेवढ्यात पितळ परत मऊ पडतं आणि सगळी ठोकणी वाया. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कथलाची झाळ द्यायची. शिशाची मात्र नको, पक्षी चोचीनं घंटी कुरतडतो आणि शिसं त्याला विषच.

आत छर्रा टाकायचा तो जोडायच्या आधी (हे सांगायला नको, पण घाईत राहतं) आणि स्टेनलेसचाच, कारण हे पक्षी अंघोळ करतात, साधा छर्रा गंजून आत चिकटतो. खालच्या वाटीला सोनाराच्या बारीक करवतीनं फट पाडायची, फटीच्या दोन्ही टोकांना बारीक भोक ठेवायचं म्हणजे पत्रा तिथनं चिरत नाही. फट थोडी थोडी वाढवत गेलास की सूर खाली येतो. हे महत्त्वाचं, कारण दोन पायांच्या दोन घंट्या एका सुराच्या नकोत. इंग्लंडात १४८६ साली छापलेल्या पुस्तकातसुद्धा एक घंटी दुसरीपेक्षा अर्धा सूर खाली ठेवा असंच सांगितलंय. पेटीवर सा आणि कोमल रे एकदम दाबून बघ, कानाला टोचतं ना? तेच पाहिजे, असला आवाज वाऱ्यात हरवत नाही.

बांधायला कातडी पट्टी लागते, तिकडं तिला बेविट म्हणतात. कोल्हापुरी चपलेचा तळ असतो तसलं जाड कातडं घेऊ नकोस, वेणीला वापरतात तसलं बकऱ्याचं पातळ, मऊ कातडं माग. शेपटीला घंटी लावायची पण पद्धत आहे, गॉसहॉक म्हणून दुसरा एक शिकारी पक्षी असतो, तो बसला की शेपूट झटकतो, पाय न हलवता आवाज येतो.

एवढा उद्योग नको असेल तर लाहोरी घंट्या तिकडं विकत मिळतात, आवाजाला चांगल्या आहेत, त्याला खुशाल घ्यायला सांग. आणि करूनच पाठवायच्या असतील तर आधी पक्षी नर का मादी ते विचार, मादी बरीच मोठी असते, घंटीचं माप त्यावरच धरायचं.