मोबाईल कुलपात ठेवून बातम्या कशा कळणार?

प्रश्न : मुलगा बीए झाला, गावातच एमपीएससीची तयारी करतो. चालू घडामोडींसाठी मोबाईल लागतो म्हणतो, पण दिवसभर रील्स पाहतो. मी मोबाईल आलमारीत कुलपात ठेवला. दोन वर्षांत साहेब झाला नाही तर वावर आहेच, असंही सांगितलं. बातम्यांसाठी त्यानं काय वाचावं? – एक कापूस उत्पादक, घाटंजी तालुका

उत्तर : भाऊ, मोबाईलपेक्षा मला तुमचं 'वावर आहेच' जास्त खटकलं. ज्या वावरानं घर पोसलं, त्याची पोराला भीती कशाला घालता? अशी मुदत डोक्यावर असली की पोरगं सोपं सापडेल ते पाठ करतं. ती मुदत आधी मागे घ्या.

ग्रुपवरची पीडीएफ पाठ केली की चालू घडामोडी झाल्या, हा समज मात्र त्याचा चुकीचा आहे. 'कापसाचा हमीभाव 8,110 रुपये' अशी ओळ त्यात असते. ती खोटी नाही, अर्धी आहे. हा भाव 2025-26 चा आणि लांब धाग्याचा. मध्यम धाग्याचा 7,710. पर्यायांत दोन्ही आकडे आले की पोरगा फसला, वर पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर केंद्राचे निर्णय मराठीतही असतात, हे दोन्ही भाव तिथं एकाच ठिकाणी दिसतात.

राज्याचा जीआर कोणी पाठवला तर शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून पाहायचा. सापडला नाही तर वहीत घ्यायचा नाही. सापडला तरी तारीख बघायची, कारण जुना खरा जीआर नवा म्हणून फिरवणं फार चालतं.

रोज आकाशवाणीचं एक मराठी बातमीपत्र ऐकावं. वाचनालयात एकच पेपर, पण पूर्ण वाचावा. अग्रलेखातलं वहीत घेताना पुढं 'मत' असं लिहावं. परीक्षेच्या तारखा फक्त आयोगाच्या संकेतस्थळावरून घ्याव्यात. म्हणून मोबाईल परत द्या. रील्सची अ‍ॅप त्याला स्वतःच्या हातानं काढू द्या, ब्राउझर राहू द्या.

हमीभावाचं पान उघडेल तेव्हा तुम्हीही शेजारी बसा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कसा कापतात, 12 च्या वर माल का परत येतो, हे पोराला तुमच्याइतकं नीट कोण सांगणार?