हातून घडलेल्या गोष्टी

गेल्या महिन्यात गोष्ट सांगणाऱ्या छोट्या इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर स्वतंत्रपणे केलेल्या, व्हिडिओ गेमांवर चार ओळी लिहिल्या, तर पत्रांचा ढीग झाला. चार पत्रं निवडली आहेत. आधीच सांगते, काही गेमांचे शेवट इथे फुटणार आहेत. ज्यांना ते खेळायचेत त्यांनी थेट शेवटच्या पत्रावर जावं. तिथेही थोडं फुटेल, पण माफक.

प्रश्न : ताई, माझं वय ५२. सिनेमा बघून डोळ्यांत पाणी येणाऱ्यांतला मी नाही. मुलीने ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ हा गेम लावून दिला. नदीपाशी पोचलो आणि मी हुंदके देऊन रडलो. मुलगी बघतच राहिली. पडद्यावरच्या बाहुल्यांसाठी एवढं रडू यावं, हे काय आहे?

उत्तर : नदीपाशी मीही रडले होते, आणि तेव्हा मला कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांनी धरून खेळायचं यंत्र, धड धरताही येत नव्हता.

माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडाची झालेली. चेंडू दाबा, टॉवेल पिळा, असले व्यायाम मी दोन दिवसांत सोडून दिले. मग भाच्याने कंट्रोलर हातात ठेवला. म्हणाला, “मावशी, याने निदान अंगठा तरी हलेल.” लावून दिला तो नेमका हाच गेम. २०१३ चा. त्याला काटेकोर इंडी म्हणायचं का यावर वाद घालता येईल, पण जातकुळी तीच.

त्यातली मेख तुम्हाला ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. डाव्या अंगठ्याखालची स्टिक म्हणजे थोरला भाऊ, उजव्याखालची म्हणजे धाकटा. वडील आजारी, त्यांच्यासाठी औषध आणायला दोघं निघालेत. माझा थोरला ताडताड पुढे जायचा आणि धाकटा भिंतींना धडका देत मागे राहायचा, कारण माझा उजवा अंगठा ऐकतच नव्हता. हळूहळू मी थोरल्याला थांबवायला लागले. वळवून मागे आणायचे, धाकटा जवळ आला की मग पुढे. असं करा म्हणून गेमने कुठेही सांगितलेलं नाही. माझ्या अधू हातामुळे त्या दोघांत ते नातं तयार झालं.

दिग्दर्शक योसेफ फारेस हा मूळचा सिनेमावाला, तरी या गेममधली माणसं चक्क बनावट भाषेत बोलतात. एक शब्द कळत नाही. म्हणजे संवादांनी आपल्याला रडवलं, असं म्हणायचीही सोय नाही.

थोरला जातो. धाकटा त्याला ओढत खड्ड्यापाशी नेतो आणि वरून माती लोटतो. ती माती आपल्यालाच लोटायला लावतात. पुढे निघालं की डावा अंगठा नुसता स्टिकवर पडून राहतो. हलवला तरी काही होत नाही. आणि मग ती नदी. धाकट्याने आईला बुडताना पाहिलेलं, म्हणून त्याला पाण्याची भीती. आतापर्यंत तो थोरल्याच्या पाठीवर बसून पलीकडे जायचा. आता त्याचं उजव्या हाताचं बटण कितीही दाबा, पोरगं पाण्यात उतरत नाही. मी बराच वेळ नुसती दाबत बसले. मग केव्हातरी डाव्या हाताने आपसूक थोरल्याचं बटण दाबलं, आणि तो उतरला. मला ते डोक्याने सुचलं नाही हो. हाताला सुचलं.

आपण म्हणतो ना, “माझ्या हातून झालं”? सिनेमात सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं, इथे आपल्या हातून होतं. तीन-चार तास तुमचा डावा हात त्या थोरल्याचा होता. तो रिकामा झाला तेव्हा तुम्हाला जे वाटलं, त्यासाठी मुलीसमोर ओशाळायचं काही कारण नाही.

हेच दुसऱ्या तऱ्हेने बघायचं असेल तर ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) खेळा. त्यात लुईस नावाचा मुलगा मासळीच्या कारखान्यात काम करतो. एका हाताने मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडालं की पट्ट्यावर टाकायचा. पुन्हा पुढचा मासा. दुसऱ्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात फिरायचं. ते राज्य आधी पडद्याच्या कोपऱ्यात असतं, मग वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं. मासे चालूच. मध्येच मला दचकून जाणवलं, की मासे कापणारा हात आपलाच आहे हे मी पार विसरले होते. लुईसचं पुढे काय होतं ते सांगत नाही. पण त्याचं काय चाललं होतं, ते मला तेव्हाच कळलं.

प्रश्न : ‘फायरवॉच’ दोनदा खेळलो. पहिल्यांदा हेन्रीच्या आजारी बायकोला घरीच ठेवलं, दुसऱ्यांदा संस्थेत. दोन्ही वेळा ती शेवटी माहेरीच आणि हेन्री जंगलात. शेवटही तोच. मग आम्हाला विचारतात कशाला? ही फसवणूक नाही का?

उत्तर : आपल्या निवडीने गोष्टीला वेगळे रस्ते फुटत नाहीत, हे खरं. तरुण वयात स्मृतिभ्रंश झालेल्या जूलियाला तिचे आईवडील ऑस्ट्रेलियाला घेऊन जातातच. हेन्री १९८९ च्या उन्हाळ्यात वायोमिंगच्या जंगलात वणव्यांवर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर जातोच. पण पुढे वॉकीटॉकीवर त्याची वरिष्ठ, डेलायला, त्याची चौकशी करते, तेव्हा आपण काय निवडलं होतं ते आपल्याला ठाऊक असतं. मी संस्था निवडली होती. तिने विचारलं की मी विषय बदलायचे. घरी ठेवलं असतं तर मोकळेपणाने बोलले असते का? कदाचित. घरात असा निर्णय ज्यांना घ्यावा लागलाय त्यांना विचारा, आजार कुठे त्यांच्या निर्णयाने बदलला होता? तरी वर्षानुवर्षं तो निर्णय उगाळत बसतात.

आता माझी एक तक्रार. तुम्ही काही बोललात की ‘हे तो लक्षात ठेवील’ अशी पाटी झळकवणारे गेम असतात, आणि पुढे कुणी काही लक्षात ठेवत नाही. तुमचा राग तिकडे वळवा, मी तुमच्या बाजूने आहे. त्यापेक्षा ‘ऑक्सनफ्री’ (२०१६) बरा. त्यात उत्तरांचे फुगे डोक्यावर येतात आणि थोड्या वेळाने विरून जातात. न बोलणं हेही तिथे उत्तरच. मी निम्मा गेम गप्प राहून काढला. लोकांचा गैरसमज झाला, अगदी प्रत्यक्षात होतो तसा.

प्रश्न : या गेमांत दरवेळी कुणीतरी मरतं आणि पियानो वाजतो. रडवण्याचा धंदा झालाय.

उत्तर : झालाय खरा. पियानो सुरू झाला की मी आवाज बंद करते आणि बघते, काही उरतंय का. बऱ्याचदा नाही उरत.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’मध्ये मात्र उरतं. रायन आणि एमी ग्रीन यांचा मुलगा जोएल २०१४ मध्ये कर्करोगाने गेला. त्याच्याबद्दल त्यांनी केलेला हा गेम २०१६ मध्ये आला. एका प्रसंगात रुग्णालयाच्या खोलीत बाप एकटा आहे आणि पोर रडतंय. तुम्ही इथे क्लिक करा, तिथे करा, रडणं थांबत नाही. गेम म्हटला की काहीतरी युक्ती असणारच या सवयीने आपण शोधत राहतो. आवाज बंद करूनही मला तो प्रसंग सोसवला नाही. एका बसणीत संपवताही आला नाही, हे कबूल करते.

प्रश्न : आई ६७ वर्षांची आहे. तिला यातलं काहीतरी द्यायचंय, पण तिचे हात भराभर चालत नाहीत. मारामारी नको, मरणही नको.

उत्तर : ‘अनपॅकिंग’ (२०२१) द्या. नुसता माउस पुरतो, घड्याळ मागे लागत नाही. एका मुलीची खोकी उघडायची आणि सामान नव्या जागी लावायचं, बस. १९९७ च्या तिच्या लहानपणच्या खोलीपासून २०१८ पर्यंत. ती मुलगी कधी दिसतही नाही. तिचे टूथब्रश, पुस्तकं, खेळणी यांच्यावरूनच ती कळते.

२०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते. सगळीकडे त्याचंच सामान. खोक्यातून तिची पदवीची फ्रेम निघाली. मी ती भिंतीवर लावून पाहिली, जागा नाही. इकडे ठेवली, तिकडे ठेवली, गेम तिच्याभोवती लाल रेघ काढून नाहीच म्हणतो. वीस मिनिटं मी त्या फ्रेमला जागा शोधत होते. शेवटी ती पलंगाखाली सरकवली, आणि लाल रेघ गेली. त्या मुलाचा एवढा संताप आला मला! पडद्यावर तो एकदाही येत नाही.

गेममध्ये वस्तू कुठेही ठेवू देणारी एक सोय आहे. ती आईला सुरू करून देऊ नका. शेजारी बसा, पण माउसला हात लावायचा नाही आणि पलंगाकडे बोट दाखवायचं नाही. हा अंकही तोवर लपवून ठेवा.