लाकडाच्या इमारतींवर संशोधन करायला कॅनडात यायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा होता: स्ट्रक्चरलमध्ये एम.टेक. झालंय, चार वर्षं आरसीसी डिझाइनमध्ये गेली, आता सीएलटी (आडव्या-उभ्या थरांत फळ्या चिकटवून केलेले जाड लाकडी स्लॅब) आणि ग्लुलॅमवर (एकाच दिशेने फळ्या चिकटवून केलेले बीम-खांब) संशोधन करायला कॅनडात यावं का, व्हँकुव्हर निवडावं की प्रिन्स जॉर्ज, आणि निघण्याआधी काय शिकून घ्यावं. मी ब्रिटिश कोलंबियात याच कामात आहे. माझं उत्तर आहे, जरूर या. पण लाकूड समजून घ्यायची तयारी ठेवून या, नुसती पदवी घ्यायला येऊ नका.

आरसीसीतून आलेल्या माणसाला गणित जड जात नाही. जड जाते ती दिशा आणि ओलावा. माझी पहिली मोठी चाचणी पाच थरांच्या सीएलटीची होती, गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मुद्दाम आखूड ठेवलेला. मी सगळा वेळ खालच्या फळीवर डोळे लावून बसलो होतो, कारण बीम खालून तुटतो हेच डोक्यात पक्कं बसलेलं. भार वाढत गेला तशी आतून बारीक करकर सुरू झाली आणि आधाराजवळ आडव्या थरात तिरक्या भेगांची रांगच उमटली. खालची फळी मात्र शाबूत. पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून वर-खाली दोन पाट्या लावा आणि त्या पाट्या उलटसुलट सरकवा; पेन्सिली गडगडतात. आडव्या थरातले तंतू तसेच एकमेकांवर लोळू पाहतात. याला रोलिंग शिअर म्हणतात. त्या दिशेतला शिअर मोड्युलस (थर सरकण्याला लाकूड किती विरोध करतं त्याचं माप), तंतूंच्या दिशेतल्या मोड्युलसच्या साधारण दहावा भाग धरतात. हा आकडा मी आधी वाचला होता, पण त्याचा अर्थ कळला तो त्या दिवशी.

दुसरं म्हणजे थांबणं. काँक्रीटचा क्यूब 28 दिवसांनी फोडता येतो, तारीख आधीच ठरलेली असते. इथे नमुने 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचे आणि वजन स्थिरावेपर्यंत थांबायचं; तेव्हा ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास येतो. जाड नमुन्यांना आठवडेच्या आठवडे लागतात. सुरुवातीला मी घाई केली, नमुने वरून कोरडे आणि आतून ओले राहिले, आणि तीन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. थिसिसचं वेळापत्रक आखताना हा वेळ आधी मांडा, बाकी सगळं नंतर.

आता कुठे जायचं ते. व्हँकुव्हरला यूबीसीत (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात) वूड सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे आणि परंपरा मोठी आहे. बोर्ग मॅडसेन या संशोधकांनी 1970 च्या दशकात तिथे बाजारात विकली जाते तशी, गाठींसकट, पूर्ण आकाराची लाकडं भार देऊन तोडून पाहायला सुरुवात केली. आपण आयएस 1708 या लाकूड-चाचणीच्या भारतीय मानकात शिकतो त्या निर्दोष छोट्या नमुन्यांवरून खऱ्या कडीची ताकद नीट सांगता येत नाही, हे त्या कामातून पुढे आलं. त्याच आवारात ब्रॉक कॉमन्स ही विद्यार्थी निवासाची इमारत आहे: 18 मजले, 2017 साली राहायला खुली झाली. सीएलटीचे स्लॅब थेट खांबांवर टेकलेले आहेत, मध्ये बीम नाहीतच. तळमजला आणि दोन कोअर (जिने-लिफ्टचे उभे गाभे) मात्र काँक्रीटचे आहेत. ‘अख्खी इमारत लाकडाची’ असं कुणी सांगितलं तर हे आधी विचारा.

प्रिन्स जॉर्जला यूएनबीसीत (नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात) इंटिग्रेटेड वूड डिझाइनचा मास्टर्स आहे. गाव छोटं, थंडी कडक, पण प्रयोगशाळा खास लाकडासाठीच बांधलेली. पूर्वेला फ्रेडरिक्टनमध्ये न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचं लाकूड संशोधन केंद्र आहे, तेही पाहा. विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा मला प्रयोगशाळा महत्त्वाची वाटते. थर चिकटवायचा स्वतःचा प्रेस आहे का, मोठी लोडिंग फ्रेम आहे का, आणि तिच्यासाठी रांग किती महिन्यांची, हे तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्याला विचारा. प्राध्यापकाला विचारलंत तर उत्तर जरा गोडच मिळेल.

विषय निवडताना मी तुम्हाला जोडांकडे ढकलेन. लाकूड ताणात ठिसूळ तुटतं, म्हणून भूकंपात वाकायचं काम स्क्रू, ब्रॅकेट आणि होल्ड-डाउनच्या (भिंत वर उचलली जाऊ नये म्हणून लावलेल्या पट्ट्यांच्या) स्टीलने करायचं असतं. हा किनारा कॅस्केडियाच्या भूकंपपट्ट्यात येतो, आणि प्रांताने 2024 मध्ये लाकडी इमारतींच्या उंचीची सर्वसाधारण मर्यादा 12 वरून 18 मजल्यांवर नेली. त्यामुळे जोडांवर नीट काम केलेल्या माणसाची गरज खरी आहे. आगीचा विषयही मोठा आहे. लाकूड मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर या ठरावीक वेगाने कोळसा होत जातं, म्हणून हिशेब करता येतो. पण उष्णतेने गोंद मऊ पडून जळका थर गळून पडला, तर ताजं लाकूड उघडं पडतं आणि तो हिशेब कोलमडतो. सीएलटीच्या पीआरजी 320 या मानकात 2018 मध्ये गोंदाच्या अटी कडक केल्या त्या याचसाठी.

निघण्याआधी सीएसए ओ86, म्हणजे लाकडी बांधकामाच्या डिझाइनचं कॅनडाचं मानक, चाळा. ते लिमिट स्टेट पद्धतीचं आहे (निकामी होण्याची मर्यादा धरून हिशेब), आपल्या आयएस 883 सारखं परमिसिबल स्ट्रेसचं (ठरलेल्या सुरक्षित ताणाच्या आत राहायचं) नाही. आणि एखाद्या सुताराकडे दोन महिने रोज तासभर बसा. लाकडातल्या रेषा कुठे वळल्यात, गाठीभोवती फळी कशी फाटते, हे हाताला कळू द्या.

एम.ए.एस्सी. घ्या, एम.इंज. नको, कारण तुम्हाला संशोधन करायचंय. एम.ए.एस्सी.ला थिसिस असतो आणि बहुतेक वेळा प्राध्यापकाच्या निधीतून विद्यावेतन मिळतं. एम.इंज.ला फी स्वतःची. पुढे नोकरी करायची असेल तर लक्षात ठेवा, ‘इंजिनीअर’ ही इथे कायद्याने राखलेली उपाधी आहे. प्रांतीय संस्थेचा परवाना मिळेपर्यंत ती नावापुढे लावता येत नाही. म्हणून तिथल्या चार वर्षांच्या अनुभवाची पत्रं, कोणत्या प्रकल्पात नेमकं काय केलं याच्या तपशिलासह, निघण्याआधीच घेऊन ठेवा. नंतर साहेब बदलतात, कंपन्या बंद पडतात. स्टडी परमिटचे नियम वरचेवर बदलतात, ते फक्त सरकारी संकेतस्थळावर पाहा.

प्राध्यापकांना लिहायची ईमेल आधी मला पाठवलीत तरी चालेल, मी वाचून सांगेन. एक पानाच्या आत ठेवा, आणि त्यांचा एक तरी पेपर वाचून त्यातला तुम्हाला खरोखर पडलेला प्रश्न पहिल्या परिच्छेदातच विचारा.