पेपरात छापलंय म्हणजे खरंच असतं का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे रोज सकाळी पेपरवरून वाद. सासरे म्हणतात छापून आलंय म्हणजे फॅक्ट, आणि मुलगी म्हणते सगळी कुणाची ना कुणाची मतंच असतात. मला दोन्ही पटत नाही पण नेमकं कसं ओळखायचं तेही कळत नाही.

उत्तर : फॅक्ट म्हणजे खरं आणि मत म्हणजे खोटं हे डोक्यात बसलेलं असतं ना, ते आधी काढून टाका, सगळा घोळ तिथेच आहे. 'पुलाचं काम 3 वर्षं रखडलंय' हे वाक्य तपासता येतं, कागद काढले की कळेल. समजा 2च वर्षं निघाली तरी ते मत होत नाही, चुकीची माहिती होते. 'एवढा उशीर म्हणजे निव्वळ बेफिकिरी' हे मात्र मत, अगदी तुम्हाआम्हा सगळ्यांना पटलं तरी मतच! कारण बेफिकिरी मोजायची कशाने?

आणि पटलं की आपण त्याला फॅक्ट म्हणून मोकळे होतो. 2018 साली अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थेने 5 हजारांवर लोकांना अशी 5 तपासता येणारी आणि 5 मतांची वाक्यं ओळखायला दिली होती, तर तपासता येणारी पाचही बरोबर ओळखणारे होते 26 टक्के आणि मतांची पाचही ओळखणारे 35 टक्के. आपल्या बाजूचं वाक्य असलं की लोक ते फॅक्टमध्ये टाकत होते, मग ते मत का असेना. (मी पण टाकलं असतं बहुतेक.)

अग्रलेखाचं सोपं असतं हो, तिथे मत असणार हे माहीतच असतं. खरी गंमत पहिल्या पानावरच्या बातमीत. 'तब्बल 40 टक्के मतदान' आणि 'जेमतेम 40 टक्के मतदान', आकडा तोच, पण तब्बल आणि जेमतेम हे बातमीदाराचं किंवा डेस्कवर मथळा देणाऱ्याचं मत आहे. तसंच क्रियापदाचं. मंत्री 'म्हणाले' हे साधं, 'कबूल केलं' म्हटलं की आधी काहीतरी लपवलं होतं असं वाटतं, 'दावा केला' म्हटलं की संशय आला, आणि 'बरळले' छापलं तर मग विचारूच नका. मी तर अशा शब्दांवर पेन्सिलने काट मारून बातमी परत वाचते, कधी कधी खाली 2 ओळीच उरतात!

आणखी एक, 'अशी चर्चा आहे', 'बोललं जातंय' असं दिसलं की कोण बोलतंय ते शोधा. नाव किंवा निदान हुद्दा तरी कुठे सापडला नाही तर ती बातमी मी दोन दिवस बाजूला ठेवते. आणि कुणाचं नाव देऊन त्याचं मत छापलं असेल तर तो तसं बोलला ही फॅक्ट, बोलला ते बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा. सासऱ्यांचं आणि मुलीचं भांडण बहुतेक इथेच अडकत असणार, दोघं एकाच वाक्याचे दोन तुकडे धरून बसतात.

प्रश्न : मग मतांची पानं वाचायचीच नाहीत का?

उत्तर : अहो वाचा की! मी तर आधी तीच उघडते. मँचेस्टर गार्डियन या इंग्लंडमधल्या पेपरचे संपादक सी. पी. स्कॉट यांनी 1921 मध्येच लिहून ठेवलंय की मत मांडायला मोकळीक आहे पण फॅक्ट पवित्र. फक्त लेखकाने मताखाली आधार म्हणून काय दिलंय तेवढं बघा, काहीच नसेल तर पान उलटा.