नाशिकला कॉलेजच्या आसपास नाटक, गाणं, खेळ यांचं वर्षभर काय काय असतं आणि ते आधी कळतं कसं?

प्रश्न विचारणारीने लिहिलंय की ती कळवणची आहे, यंदा कॉलेज रोडवर एफवायला आलीय, होस्टेलला राहते, शाळेत खो-खो खेळायची आणि नाटक बघायची आवड आहे. कॅम्पसच्या जवळपास येत्या महिन्यांत काय काय होणार, हे तिला हवंय.

वयाने बरीच लहान असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करते. मीही होस्टेलवालीच. सटाण्याहून आले होते आणि पहिलं वर्ष मेस, लायब्ररी, खोली एवढ्यातच घालवलं. तुझं तसं होऊ नये म्हणून हे लांबलचक उत्तर.

एक गोष्ट आधीच सांगते. तू म्हणतेस तसा एका कुंपणातला कॅम्पस नाशिकला सापडणार नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ चं, ते पार गोवर्धनला, गंगापूर गावाच्याही पुढे. आरोग्य विद्यापीठ १९९८ चं, ते म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. आणि तुझं कॉलेज ज्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाला जोडलेलं, ते पुण्यात. त्यामुळे आपल्यासाठी कॅम्पस म्हणजे एचपीटी कॉलेजच्या गेटपासून केटीएचएम कॉलेजपर्यंतचा आणि तिथून उतरत गोदाघाटापर्यंतचा पट्टा. चालायची सवय असेल तर तासाभरात संपतो. तुला लागणारं बहुतेक सगळं त्यावर किंवा त्याच्या आजूबाजूला आहे, पण एका ठिकाणी त्याची यादी कुठेही लागत नाही.

सगळ्यात घाई खेळाची आहे. खो-खो खेळायचीस ना? मग हे वाचून झालं की जिमखाना गाठ. कॉलेजच्या संघांची निवड ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकते आणि वर्गात येऊन कोणी सांगत नाही. आमच्या जिमखान्यात नोटीस दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचे, म्हणजे दार उघडं असलं की ती भिंतीकडे तोंड करून! मला कळलं तेव्हा संघ झोनल खेळून परतही आला होता. पीडी सरांनी थंडपणे सांगितलं, "पुढच्या वर्षी ये." आमच्याकडे कॉलेजांत क्रीडा संचालकांना सगळे पीडी सरच म्हणतात, तूही तेच विचार.

पुढची शिडी अशी: आधी कॉलेजचा संघ, मग विभागीय म्हणजे झोनल, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी आंतरविद्यापीठ. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे आपल्या विद्यापीठाचे चार विभाग. आंतरविद्यापीठला वयाची अट १७ ते २५, म्हणजे तुझ्या हातात वर्षं भरपूर आहेत. संघात नाही आलीस तरी झोनलचे सामने बघायला जा. ते कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या मैदानावरच होतात. तिकीट नाही, खुर्ची नाही. रेषेपासून चार हातांवर उभं राहून कबड्डी बघितलीस की टीव्हीवरची मिळमिळीत वाटायला लागते.

आणि आपण तालुक्याच्या गावाहून आलोय, इथल्या पोरी पुढे असतील, असली भीती मनात असेल तर ती काढून टाक. हरसूलकडच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत इथेच भोसलाच्या, म्हणजे भोसला मिलिटरी स्कूलच्या, मैदानावर घडली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने ब्राँझ मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधवही भोसलाचीच. २०१७ मध्ये तैपेईला झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य तिच्या नावावर आहे. तुझ्यामाझ्यासारखीच विद्यार्थिनी म्हणून ती तिथे धावली. म्हणून मी सांगते, जिमखाना हा कॉलेजचा कोपरा समजू नकोस.

बघायचा खेळ म्हणशील तर रणजी. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे नाशिककरांच्या भाषेत गोल्फ क्लबवर, महाराष्ट्राचे सामने अधूनमधून येतात. जानेवारी २०२५ मध्ये बडोद्याविरुद्धचा इथेच झाला. चार दिवस चालतो, फुकट असतो, प्रॅक्टिकल बुडवून दोन तास बसता येतं (हे मी लिहिलं नाही असं समज). टोपी ने, पाण्याची बाटली ने. क्रिकेट मुलांचंच असं कोणी म्हणालं तर त्याला माया सोनवणेचं नाव सांग. सिन्नरकडची लेगस्पिनर, २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये तिची ती अख्खं अंग वाकवून चेंडू टाकण्याची लकब देशभर फिरली होती.

त्या मैदानाच्या नावावरून मला नेहमी एक विचित्र वाटतं. कान्हेरे खेळाडू नव्हते. २१ डिसेंबर १९०९ ला त्या कोवळ्या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या इथल्या विजयानंद थिएटरमध्ये, नाटकाच्या प्रयोगाला. घडलं नाट्यगृहात आणि नाव लागलं मैदानाला! तर आता नाटकाकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे.

नाटक बघायला आवडतं म्हणतेस. बघच, पण त्याहून सोपं आणि स्वस्त काम म्हणजे तालमीत शिरणं. पावसाळ्यात प्रत्येक कॉलेजात एकांकिकेचा ग्रूप उभा राहतो. रिकाम्या वर्गात, पार्किंगच्या शेडमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे तालीम सुरू असते. अभिनय येत नाही म्हणून लाजू नकोस. मलाही येत नव्हता. मी दुसऱ्या वर्षी "काही काम आहे का?" एवढंच विचारलं आणि पुढचे तीन महिने प्रॉपर्टी सांभाळली. एक कंदील, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि मापाची कधीच नसलेली एक काठी. मग लाइट्सवर बसले. अंधार पंधरा सेकंदांचा ठेवायचा की आठ, यावर मध्यरात्रीपर्यंत भांडणं व्हायची. मी बारा म्हणायचे, कोणी ऐकायचं नाही. माझ्या आजच्या मैत्रिणी त्या ग्रूपमधल्या आहेत, वर्गातल्या नाहीत.

बघायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरकडे लक्ष ठेव. राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी तेव्हाच्या सुमारास असते, बहुतेक प.सा. नाट्यगृहात. प.सा. म्हणजे परशुराम साईखेडकर, सार्वजनिक वाचनालयाचं नाट्यगृह. आणि वाचनालय १८४० चं आहे, आपल्या कॉलेजांच्या कितीतरी आधीचं. तिकीट वडापाव-चहाच्या पैशांत. रोज संध्याकाळी एक नाटक, हौशी संघ, त्यातली निम्मी नाटकं फसलेली. पण फसलेलं नाटक बघायलाच हवं. नाटक कुठे आणि का पडलं, ते बाहेर चहा पिताना बरोबरच्या माणसांकडून जे कळतं ते कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. शालिमारच्या कालिदास कलामंदिरात मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं येतात, शनिवार-रविवारी जास्त. ती महाग. वर्षातून दोन बघ, मागची तिकिटं काढ, आवाज तिथेही नीट पोचतो.

एचपीटीच्या आवारातून जाशील तेव्हा एवढं लक्षात असू दे की नाटककार वसंत कानेटकर तिथे इंग्रजी शिकवायचे आणि कुसुमाग्रज त्याच कॉलेजचे विद्यार्थी.

कुसुमाग्रज स्मारक तुझ्या होस्टेलपासून फार लांब नसणार, गंगापूर रोडला विद्या विकास सर्कलजवळ. तिथल्या विशाखा सभागृहात वर्षभर काही ना काही चालू असतं: कवितावाचन, व्याख्यान, चित्रप्रदर्शन, कधी शास्त्रीय गाणं. बरेचसे कार्यक्रम विनामूल्य. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, तिथे आणि टिळकवाडीतल्या तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, घरी दिवसभर माणसांची ये-जा असते. फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांतच कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे पुरस्कार असतात: एका वर्षी जनस्थान, दुसऱ्या वर्षी गोदावरी गौरव. १९९१ मध्ये पहिला जनस्थान विजय तेंडुलकरांना मिळाला, २०२५ चा सतीश आळेकरांना. अशा कार्यक्रमाला अर्धा तास आधी जाऊन बसायचं, नाहीतर पायरीवर. मला पायरी आवडते.

गॅदरिंगबद्दल फार लिहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत होईल, साडी डे होईल, एकच गाणं सहा ग्रूप नाचतील. मजा येते, जा.

घाटावरचं मात्र नीट वाच, कारण ते कॉलेजच्या बोर्डावर कधीच लागणार नाही. गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून संध्याकाळी नदीच्या बाजूला गेलीस की ढोल ऐकू येतील. पथकांचा सराव असतो, मुली भरपूर असतात, नवीन मुलींनाही घेतात. पहिल्या आठवड्यात हाताला फोड येतात, चिकटपट्टी जवळ ठेव. दिवाळीत पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाट असते. पहाटे अंधारात जाऊन रस्त्यावर बसायचं आणि मोठ्या गवयाचं गाणं ऐकायचं. तुम्ही दिवाळीला गावी जाता हे माहीत आहे, पण एक वर्ष पाडव्याला थांब. गुढीपाडव्याच्या आधीचे दिवस गाडगे महाराज पुलाजवळच्या पाडवा पटांगणावर महारांगोळी, महावादन म्हणजे एकत्र ढोलवादन, आणि अंतर्नाद हा गाण्या-नाचाचा कार्यक्रम. रांगोळीला तर शेकडो हात लागतात, तिथे सरळ जाऊन नाव द्यावं.

रंगपंचमीच्या रहाडी कळवणला ऐकल्या असशील, बघितल्या नसशील. जुन्या नाशकात पेशवाईपासूनचे दगडी हौद आहेत, वर्षभर बुजवून ठेवलेले. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी ते उघडतात, प्रत्येकीचा रंग ठरलेला, आणि लोक त्यात धप्पा मारतात. म्हणजे सूर मारून उडी घ्यायची आणि शेजारच्यांना भिजवायचं. गर्दी प्रचंड. एकटीने जाऊ नकोस, एखाद्या जुन्या नाशिकच्या मैत्रिणीच्या घराच्या गॅलरीतून बघ. अशी मैत्रीण ऑगस्टपासूनच शोधायला घे. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळच्या वाऱ्यात, पण तेव्हा तू कांद्याच्या शेतात असशील.

आणि सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान असं जाहीर झालंय. त्या काळात घाटाकडचे रस्ते बंद असतील, तेव्हा वरच्या कार्यक्रमांच्या जागा सरकू शकतात. निघण्याआधी एकदा विचारून घे. स्वयंसेवक मात्र खूप लागतील. एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घातलंस तर तुमच्यापर्यंत बोलावणं येईल. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय युवा महोत्सव नाशिकला झाला तेव्हा माझी मावसबहीण अशीच स्वयंसेवक होती. प्रेक्षकांत बसलेल्यांनी तीन नाच बघितले, हिने पाच दिवस देशभरातल्या पोरींबरोबर जेवण घेतलं आणि जाताना तिला मिझोरामची एक शाल मिळाली.

आता आधी कळतं कसं. स्थानिक पेपरची नाशिक पुरवणी, तिच्यातला 'आजचे कार्यक्रम' असा बारीक टाइपातला चौकोन. कॉलेज लायब्ररीत पेपर येतोच, रोज दोन मिनिटं. स्मारकाच्या आणि प.सा.च्या दाराशी फलक असतात, येता-जाता वाचायचे. जिमखान्याच्या दाराची आतली बाजू. आणि नाटकाच्या ग्रूपमधली एक तरी व्यक्ती, कारण तिला सगळ्या शहरातलं माहीत असतं. मोबाइलवर कळतं ते बहुतेक वेळा कार्यक्रम झाल्यावर, फोटोंसकट.

राहिला होस्टेलचा गेट. साडेआठला बंद होत असेल, आमचं व्हायचं. नाटक सातचं म्हणून छापतात, तिसरी घंटा सव्वासातला होते आणि सुटेपर्यंत साडेनऊ. मी एकदा न सांगता गेले होते. पाऊण तास गेटबाहेर उभी राहिले, वॉचमन काकांना दया आली तेव्हा आत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी फोन गेला. त्यानंतर मी रेक्टर मॅडमना दोन दिवस आधी लेखी द्यायला लागले: कुठलं नाटक, कुठे, बरोबर कोण, परत कशाने येणार. सिटीलिंकच्या बसवर रात्री विसंबू नकोस, चौघी मिळून रिक्षा ठरवा आणि भाडं बसायच्या आधी बोला. तिसऱ्या वेळेला मॅडमनी अर्ज वाचला आणि विचारलं, "चांगलं आहे का गं नाटक? मला पण एक तिकीट आण."