शाल्यापिन पुन्हा लावशील तेव्हा

प्रिय मुली,

‘खरखर फार आहे आणि तो म्हातारा गातो कुठे, ओरडतोच की!’ हे तू शाल्यापिनच्या तबकडीबद्दल लिहिलंस ते वाचून हसू आलं. खरखरीचं सोड. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकताना तुला ती आठवतही नाही. पण ओरडण्याचं तुझ्या कानाला बरोबर लागलंय.

४ जुलै १९२८. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या ऑपेराचा प्रयोग, बोरिसच्या भूमिकेत पंचावन्न वर्षांचा रशियन गायक फ्योदोर शाल्यापिन. एचएमव्हीने त्यातले काही प्रसंग चालू प्रयोगातच ध्वनिमुद्रित केले. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची, त्यामुळे जे हाती आलं ते तुकड्यातुकड्यांत. स्टुडिओत गायक कर्ण्यासमोर किंवा मायक्रोफोनसमोर खिळून उभा असे. इथे तो रंगमंचावर फिरतोय. आवाज मध्येच जवळ येतो, मध्येच लांब जातो. मला तर तो पावलांनी ऐकू येतो.

आधी कथा नीट वाचून घे. बोरिस १५९८ ते १६०५ रशियाचा झार होता. १५९१ साली उग्लिचमध्ये लहानगा राजपुत्र दिमित्री मेला; तो खून होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात, पण पुश्किनच्या नाटकात आणि या ऑपेरात दोष बोरिसचाच. दुसऱ्या अंकात घड्याळ चालू असतं आणि त्याला ते मेलेलं पोर कोपऱ्यात दिसू लागतं. तुझी ‘ओरड’ तीच. शाल्यापिन तिथे सूर सोडून बोलतो, धापा टाकतो, त्या पोराला हाकलतो. एरवी गायकाचा सूर सुटला की आपण नाक मुरडतो. इथे सूर कुठे सुटतो आणि कुठल्या शब्दावर तो पुन्हा धरतो, ते बघ. मी आठवडाभर तेवढंच ऐकलं होतं.

राज्याभिषेकाच्या घंटांसाठी तुला एक खूण देतो. दोन स्वरसमूह आलटून पालटून वाजतात, आणि त्यांच्या मूळ स्वरांत षड्ज ते तीव्र मध्यम एवढं अंतर आहे. सोहळा चालू आहे, तरी काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

आणखी एक गंमत. शाल्यापिन रशियनमध्ये गातोय, बाकीचे इटालियनमध्ये! तेव्हाच्या थिएटरांत अशी खिचडी चालायची. पण या नाटकाला ती फळली असं माझं मत: झारची भाषा दरबारात दुसऱ्या कुणाचीच नाही. काहींना त्याच्या किंकाळीत देश सोडल्याचं दुःख ऐकू येतं, कारण १९२२मध्ये तो रशियातून निघाला तो परतलाच नाही. मला हे ओढूनताणून वाटतं. १९०८ साली पॅरिसलाही त्याने याच भूमिकेत लोकांना हलवून सोडलं होतं, तेव्हा कुठला वनवास?

मृत्यूचा प्रसंग शेवटी ऐक. ‘थांबा! मी अजून झार आहे!’ अशी गर्जना करणारा माणूस थोड्याच वेळात ‘क्षमा करा’ इतकं हळू म्हणतो की खरखर त्याच्यापेक्षा मोठी वाटते.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नकोस, खर्ज सगळा गळून जातो. हेडफोन घे, आणि घड्याळाच्या प्रसंगात सूर कुठे सुटला ते मला शब्दासकट कळव.

तुझा,
काका